एक्सिलेटर जागेवर नाही

१३ जानेवारी २०२५

गाडीच्या दुकानातला विक्की म्हणे, "मावशी, कोड आला की लिहून ठेवत जा. तारीख, टाइम, काय करून राहिल्या होत्या, सगळं लिहा. मग मले समजन." म्हणून ही वही. माझ्या पोराच्या, सौरवच्या कॉलेजातली कोरी उरलेली आहे. दुपारचे तीन वाजले, डबे घासून झाले, आणि मी अभ्यासाले बसली आहे. एकोणसाठाव्या वर्षी.

लिहायचंच तर नीट लिहिते. गाडी नवी. डिसेंबरात घेतली. बॅटरीची, पायडलवाली, मागं डब्यांसाठी मोठं कॅरिअर. त्याच्या आधी बावीस वर्षं मोपेड चालवली, तिचे भाग मिळेना झाले म्हणून सोडली. नवीन गाडीचा आवाज नाही, धूर नाही, सगळं छान. फक्त चालू करायची म्हटलं की हँडलवरच्या छोट्या काचेवर लाल आकडा येते, ई-०८. आला की मोटर मुकी. बंद करा, चालू करा, कधी जाते, कधी नाही जात.

माझं काम डब्याचं. हुडकेश्वरहून धंतोली. तिथं दवाखानेच दवाखाने, अर्ध्या विदर्भाचे पेशंट, आणि त्यांच्या सोबतचे लोक जिन्यावर उपाशी बसलेले. हे गेले त्या वर्षी सुरू केलं, नऊ वर्षं झाली. सोळा डबे आहेत. साडेबाराच्या आत पोचायलेच पाहिजे. एक वाजता वॉचमन जाळीचं दार ओढते, मग चार वाजेपर्यंत कोणाचा डबा वर जात नाही. पेशंटच्या गोळ्या जेवणावरच्या असतात. नऊ वर्षांत तीनदा उशीर झाला मले, तिन्ही तारखा तोंडपाठ आहेत.

आजचे कोड: ११:२०, अंगणात. ११:२२, अंगणात. १२:१०, पहिल्या दवाखान्यासमोर. काय करून राहिली होती? गाडी चालू करून राहिली होती. दुसरं काय करते माणूस गाडीचं?

एका पानात एवढंच मावलं. माझं अक्षर पहिल्यापासून मोठं. शाळेतल्या बाई म्हणत, "देवके, कागद फुकट येत नाही वं."

१५ जानेवारी

काल संक्रांत. दिवसभरात एकही कोड नाही. आज चार. गाडीले सण समजते वाटते.

गुंजननं गाडीसोबत आलेलं पुस्तक वाचलं. गुंजन माझी सून, दुपारी चारनंतर पोरांच्या शिकवण्या घेते, इंग्रजी चांगलं आहे तिचं. म्हणे, "आई, आठ म्हणजे एक्सिलेटर जागेवर नाही. बंद करून परत चालू करा, तरी आला तर विक्रेत्याकडं जा." विक्रेता म्हणजे विक्की. म्हणजे पुस्तक म्हणते विक्कीले विचारा, विक्की म्हणते पुस्तक पाहा. मस्त चाललं आहे दोघांचं.

तेवढ्यात ती स्वयंपाकघरात धावत गेली. "आई! वरण लागलं न खाली! पूर्ण घरात वास सुटला, तुम्हाले नाही आला?" मले नाही आला. सर्दी असन. पातेलंही नवं आहे, बूड पातळ. आजकाल काही धड बनवतच नाहीत, ना पातेलं ना गाडी.

दुसरं वरण टाकलं. तिनं बराच वेळ माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "काय पाहून राहिली वं? कांदा चीर." चिरला तिनं.

२० जानेवारी

सकाळीच विक्कीच्या दुकानात. मानेवाड्याच्या रस्त्यावर आहे, बाहेर बॅटरीच्या गाड्यांची रांग. पोट्टा तिशीचा आहे, बोलायले गोड, हातात कायम स्क्रू ड्रायव्हर.

तो गाडीवर बसला, बटन दाबलं, हिरवा दिवा. बंद केली, परत चालू केली, हिरवा दिवा. वीस वेळा केलं त्यानं, वीसही वेळा हिरवा. मी बसली, लाल. दुकानातले दोन गिऱ्हाईक हसले. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं. मले इतका राग आला की त्या हँडलले फटका मारला.

विक्की म्हणे, "जाऊ द्या मावशी, एक्सिलेटरच बदलून टाकतो. वॉरंटीत आहे." बदललं. येताना कोड नाही आला. बदलायचंच होतं तर महिनाभर मले नाचवलं काहून?

२३ जानेवारी

नव्या एक्सिलेटरवरही आला. अकरा पंचवीस, बारा पाच, बारा वीस. डोक्याची पार मंडई झाली.

विक्की फोनवर म्हणे, धुताना पाणी गेलं असन. मी गाडी धूत नाही, ओल्या फडक्यानं पुसते. म्हणे, फडकंही नको. आता हँडलले प्लास्टिकची पिशवी बांधली आहे. गाडी आहे का लोणच्याची बरणी?

आज एक नवीन डबा लागला. रुपरावजी म्हणून आहेत, खाप्याचे. माझं माहेर खाप्याचं, म्हणून त्यांनी लगेच ताई म्हणायले सुरुवात केली. त्यांच्या बायकोचं, कौशल्याबाईचं, मणक्याचं ऑपरेशन झालं आणि टाके पिकले, आता किती दिवस राहावं लागन याचा पत्ता नाही. माणूस साधा आहे. इतका साधा की पहिल्याच दिवशी म्हणे, "ताई, चव लय बेस. पण पोळी एका अंगानं जाड काहून हाय?"

माझी पोळी! खाप्यात अन् हुडकेश्वरात माझ्या पोळीले नाव ठेवणारा पैदा झाला नाही. मी म्हटलं, नवीन कणिक आहे भाऊ, गिरणीवाल्यानं जाड दळली. घरी येऊन पाहिलं तर खरंच एका अंगानं जाड होती. लाटणं बदलायले पाहिजे.

२९ जानेवारी

आज सगळं समजलं, आणि जमीन फाटून पोटात घेईन तर बरं असं झालं.

विक्की म्हणे, "मावशी, तुम्ही घरी जशी चालू करता तशी करून दाखवा. मी नाही सांगत काही, फक्त पाहतो." मी केली. स्टँड काढला, बसली, उजव्या हातानं दोनदा रेस दिली, बटन दाबलं. लाल आकडा.

तो खालीच बसला हसत. "मावशी! ही मोपेड नाही! रेस काहून देऊन राहिल्या?"

आता मोपेड थंडीत उठत नव्हती. दोन पीळ द्यायचे, पेट्रोल वर चढायचं, मग किक. बावीस वर्षं रोज सकाळी तेच केलं. माझ्या हाताले सांगावंच लागत नाही, तो आपला देते. आणि या गाडीत, विक्कीनं समजावलं, बटन दाबताबरोबर आतला कंट्रोलर पहिले पाहते की एक्सिलेटर पूर्ण बंद आहे का. पिळलेला दिसला की त्याले वाटते, चालू होताच गाडी उसळन, बाई पडन. म्हणून तो मोटर देतच नाही. "म्हणजे तुमच्या भल्यासाठीच आहे," म्हणे.

भल्यासाठी! पण खरं आहे, चूक माझी होती. दुकानातल्या सगळ्यांसमोर मी म्हटलं, "माझं चुकलं गा विक्की." त्यानं चहा मागवला. कपाले दोन्ही हात लावून प्यावा लागला, थंडी फार आहे.

विक्कीनं वही मागितली, पॅटर्न पाहायले. नाही दिली. त्याच्याबद्दल जे लिहिलं आहे ते त्यानं वाचू नये.

४ फेब्रुवारी

सहा दिवस झाले, एकही कोड नाही. रोज बसली की मनात म्हणते, देवकी, रेस नाही, रेस नाही. सगळे डबे साडेबाराच्या आत. रुपरावजी म्हणे, ताई, तुमच्यावर घड्याळ लावून घ्यावं. आजची पोळीही बरी होती म्हणे. बरी!

७ फेब्रुवारी

आला. अकरा एकोणीस. ई-०८.

मी रेस दिली नाही. माझ्या नातवाची, होईल तेव्हा होईल, त्याची शपथ घेते, नाही दिली. बटन दाबलं तेव्हा हात फक्त ठेवला होता हँडलवर. नुसता ठेवला होता.

कोणी विश्वास ठेवत नाही. विक्की म्हणे, "मावशी, सवय आहे, नकळत होते." गुंजन नुसती माझ्या हाताकडं पाहून राहिली, ते तर आणखी वाईट. संध्याकाळी सौरव बुटीबोरीहून आला, कंपनीचे बूट न काढताच सुरू झाला. "आई, बंद कर न आता डबा. मी कमावतो, गुंजन कमावते. काय गरज आहे?"

काय गरज आहे! बाप गेला तेव्हा तू कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाले होता, तेव्हा नाही विचारलं काय गरज आहे. मी म्हटलं, "डबा बंद झाला की मी काय करू? खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजू? तिथं सतरा माणसं माझी वाट पाहतात. इथं कोण पाहते?" तो जेवला नाही नीट. मले वाईट वाटलं, पण मी बोलली ते खरंच आहे. मले ते दार, ते जिने, ते लोक पाहिजेत. त्याच्याशिवाय मी कोण आहे, मलेच नाही माहीत.

गुंजन मध्येच म्हणे, "आई, मी उद्या तुमचा व्हिडिओ काढू का, गाडी चालू करताना? विक्कीभाऊले दाखवता येईल." मी म्हटलं, काढ बाई, तूही साक्षीदार हो.

८ फेब्रुवारी

गुंजननं व्हिडिओ काढला. कोड आला, रेस दिली नव्हती, दिसतेच त्यात. मी म्हटलं, पाहिलं न? आता तरी पटलं? ती तो व्हिडिओ परत परत पाहून राहिली होती. म्हणे, "आई, हात दुखते का?" मी म्हटलं, हात नाही, डोकं दुखते. विक्कीले पाठव तो.

पाठवला की नाही माहीत नाही. तिनं तो कोणाकोणाले पाठवला, विचारलं तर "एका मैत्रिणीले" म्हणे. मैत्रीण काय गाड्या दुरुस्त करते?

१३ फेब्रुवारी

आज उशिराची चौथी तारीख झाली.

घरून निघतानाच अकरा वेळा लाल. अकरा, मोजले. पायडल मारत मानेवाडा चौकापर्यंत आली, सतरा डब्यांचं वजन, उजवा पाय जसा चिखलात. तिथं एकदा हिरवा लागला, मग निघाली. धंतोलीत पोचली तर एक वाजून पंधरा मिनिटं. जाळी ओढलेली.

वॉचमनच्या हातापाया पडली. म्हणे, नियम आहे काकू. रुपरावजी जाळीच्या आत उभे होते. त्यांना बाहेर सोडलं त्यानं, डबा आत नाही. कौशल्याबाईची गोळी जेवणावर, जेवण नाही तर गोळी नाही, चार वाजेपर्यंत ती बाई कण्हत राहिली असन. रुपरावजी एक शब्द वाकडा बोलले नाहीत. म्हणे, "ताई, सावलीत बसा पहिले, घामाघूम झाल्या." त्यांनी बोल लावले असते तर बरं झालं असतं.

दोघांनी डबा बंद केला. फोनवरच सांगितलं. बरोबर केलं त्यांनी, मीही बंद केला असता.

घरी येऊन गाडीले शिव्या दिल्या. मोठ्यानं. शेजारच्या बाई गॅलरीत आल्या. येऊ दे.

२० फेब्रुवारी

आजचं लिहू की नको असं झालं. पण लिहिते.

विक्कीनं गाडी उघडून एक्सिलेटरच्या वायरीले मीटर लावलं, आकडे दाखवणारं. म्हणे, "पाहा, कोणी हात लावला नाही तर झिरो पॉइंट आठ. एवढ्यावर असला की कंट्रोलर खूश. एकच्या वर गेला की कोड." त्यानं स्वतःचा हात ठेवला, पॉइंट आठ. गुंजनले ठेवायले लावला, पॉइंट आठ. (ती काहून आली सोबत? शिकवणीची पोरं सोडून?) मग मी ठेवला. नुसता ठेवला. एक, पॉइंट नऊ, एक पॉइंट तीन, पॉइंट नऊ, एक पॉइंट दोन. आकडा जागेवर राहीच ना. मीटर बिघडलं म्हटलं. त्यानं दुसरं आणलं. तसंच.

विक्की हसला नाही. नेहमी हसते, आज नाही. म्हणे, "मावशी, हात मांडीवर ठेवा आणि डाव्यानं बटन दाबा." दाबलं, हिरवा. पुन्हा, हिरवा. दहा वेळा हिरवा.

मी म्हटलं, "मग झालं न! एवढंच होतं तर दोन महिने काय करून राहिला होता?"

तर तो स्क्रू ड्रायव्हर बाजूले ठेवून म्हणे, "मावशी, आमच्या दादाजींचं असंच होतं. आम्ही पाच वर्षं म्हातारपण म्हणत राहिलो. तुम्ही एकदा हात दाखवून घ्या."

माझा असा संताप झाला की काय सांगू. "हात दाखवून अवलक्षण कोण करून घेते? तुले गाडी दुरुस्त करता येत नाही तर माझा हात बिघडला म्हणते! उद्या बॅटरी संपली तर माझं रक्त तपासशील!" गुंजन म्हणे, "आई, हळू." मी म्हटलं, "तू गप. तुम्ही दोघांनी मिळून ठरवून आणलं मले." ती विक्कीकडं पाहून राहिली, त्यावरून समजलं की खरंच ठरवून आणलं होतं.

डावा हात बटनावर, उजवा मांडीवर, अशी घरी आली. कोड नाही.

२४ फेब्रुवारी

चार दिवस, कोड नाही. गाडी ठीक, मी ठीक. बटन दाबून झालं की मग उजवा हात ठेवते. सगळे डबे वेळेवर. बंद केलेल्यांपैकी एक परत आले.

ऊन लागायले लागलं. थंडी गेली. हात अजून तसाच आहे. मांडीवर ठेवला की अंगठा आपला बोटावर घासत राहते, कोणी पैसे मोजल्यासारखा. पाहत बसली होती मी त्याच्याकडं. थांब म्हटलं तर थांबते. दुसरीकडं पाहिलं की पुन्हा सुरू.

पदराखाली ठेवते आता.

२५ फेब्रुवारी

सहज वही चाळली. १३ जानेवारीचं जेवढं एका पानात मावलं, तेवढं आता अर्ध्या पानात मावून राहिलं. अक्षर मुंगीएवढं. पेन खराब आहे. दुकानातून नवीन आणलं.

हे नव्या पेननं लिहिलं.

हे मुद्दाम मोठं लिहिलं. पहिला शब्द मोठा येते. शेवटचा येत नाही.

४ मार्च

रुपरावजींना माझ्यामुळं लागलं.

बारा वीसले त्यांच्या दवाखान्यासमोर उभी होती. गाडी चालूच ठेवली, घाईत होती, चार डबे अजून बाकी. ते मागून कॅरिअरमधला आपला डबा काढून पुढं आले, माझ्यासमोर उभे राहून म्हणे, "ताई, टाके सुकले आता, येत्या आठवड्यात..." तेवढ्यात गाडी उसळली. मी काही केलं नाही. देवाशपथ मी काही केलं नाही. हात नुसता ठेवला होता. चाक त्यांच्या पायावर चढलं आणि ते मागं पायरीवर पडले. डबा उघडला, वरण त्यांच्या धोतरावर.

लोक धावले. कोणी म्हणे, बाई, चालवता येत नाही तर कायले चालवता. रुपरावजी उठून बसले, अंगठ्याचं नख उलटलं होतं, रक्त येऊन राहिलं होतं. आणि ते त्या माणसाले सांगून राहिले, "नाही, नाही, ताईची चूक नाही, मीच आडवा आलो."

ते काहून आडवे येतील? ते तर उभे होते.

मी गाडी बंद केली. बाकीचे चार डबे पायी नेऊन दिले. मग एका झाडाखाली दगडावर बसली आणि उजवा हात डाव्यानं घट्ट धरून ठेवला. खूप वेळ. रागानं दाबला, अगदी दुखेपर्यंत. सोडला की पुन्हा सुरू.

गुंजनले फोन केला. म्हटलं, "ये वं. गाडी मी आणत नाही." ती रिक्षानं आली. मी म्हटलं, "तुझी ती मैत्रीण डॉक्टर आहे का?" ती म्हणे, "डॉक्टरकडं काम करते. शुक्रवारची वेळ घेऊन ठेवली आहे आई. तीनदा घेतली, दोनदा रद्द केली."

७ मार्च

नऊ वर्षं ज्या गल्लीत डबे वाटले, त्याच गल्लीत आज नंबर लावून बसली. मले ओळखणाऱ्या आया समोरून जाऊन राहिल्या, म्हणे, "काकू, कोणाले आणलं?" मी म्हटलं, सुनेले.

डॉक्टरीणबाई तरुण आहे. सुई नाही, मशीन नाही. बोटं टिचक्या मारल्यासारखी उघडझाप करा म्हणे. डाव्यानं केली झरझर. उजवं चार वेळा उघडलं आणि मग लहान लहान होत गेलं. एका रेषेत चालून दाखवा म्हणे. चालली. "उजवा हात हलत नाही चालताना, लक्षात आलं होतं का?" मले काय माहीत, मी काय स्वतःले चालताना पाहते? मग विचारलं, "वास येतो का नीट, अन्नाचा?"

तेव्हा मले ते लागलेलं वरण आठवलं. गुंजन खाली पाहून राहिली.

पार्किन्सन म्हणतात त्याले. डॉक्टरीणबाई म्हणे, यानं माणूस लगेच अंथरुणाले खिळत नाही, गोळ्या लागू पडतात, स्वयंपाक करा, चाला, फिरा, हात वापरा. मी एकच विचारलं, "गाडी?" ती म्हणे, "आता नको. गोळ्या बसू द्या, तीन महिन्यांनी पाहू." मी म्हटलं, "आणि नाहीच बसल्या तर?" ती खोटं नाही बोलली. म्हणे, "मग नको."

रिक्षात गुंजननं माझा हात धरला, उजवाच. मी झटकून टाकला. मग थोड्या वेळानं आपणच दिला. चीड येते मले. कोणावर, ते समजत नाही. विक्कीवर यायची ते बरं होतं.

सौरवले रात्री तिनंच सांगितलं. तो माझ्याजवळ येऊन बसला. "डबा बंद कर" म्हणन असं वाटलं, मी तयारच होती भांडायले. पण तो नुसता बसून राहिला. भांडला असता तर मले जमलं असतं.

११ मार्च

सहा दिवस डबे बंद होते. आज पुन्हा पाठवले. गुंजन म्हणे, "मी नेते. शिकवणी चारले, मी दोनपर्यंत परत येते. तुम्ही बनवा, मी पोचवते." मी म्हटलं, जमणार नाही तुले, त्या गल्ल्या, तो वॉचमन, कोणाचं बिनमिठाचं, कोणाचं पातळ. ती म्हणे, "मग सांगा न." सोळाही डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या आम्ही. मी सांगितलं, तिनं लिहिलं.

अकरा वीसले निघाली. मी दारात उभी होती. ती वळणापर्यंत दिसते, मग नाही दिसत. नऊ वर्षांत मी माझी गाडी मागून कधी पाहिली नव्हती.

अकरा चाळीसले फोन. घाबरलेली. "आई, सिग्नलले बंद केली होती, आता काहीतरी लाल आलं, ई-०२! मागं सगळे हॉर्न वाजवून राहिले!" पुस्तक पाहायची मले गरज नव्हती. म्हटलं, "दोन म्हणजे ब्रेक. घाबरून ब्रेक दाबून धरला असशील तू. सोड. दोन्ही सोड. आता बटन दाब." थोडा वेळ नुसते हॉर्न ऐकू आले. मग म्हणे, "हिरवा!" आणि फोन बंद. मी ओट्याशी येऊन ढसाढसा रडली. गॅसवरची घरची भाजी करपून राहिली असन तरी मले समजलं नसतं, म्हणून पहिले गॅस बंद केला आणि मग रडली.

साडेबारानंतर पुन्हा फोन. मले वाटलं, आता काय. तर रुपरावजी होते.

"ताई, तुमची सून डबा देऊन गेली. तुमी काहून नाही आल्या? माह्या पायाच्यानं थांबल्या काय? पाय बरा हाय माहा. नख तं येतेच पुन्यांदा. तुमी या बरं."

मी पहिले म्हणणार होती, थोडी तब्येत बरी नाही. शेजारच्या बाईले तेच सांगितलं, बहिणीले तेच सांगितलं. पण हा माणूस माझ्यासाठी भर रस्त्यात खोटं बोलला होता, रक्तानं भरलेला अंगठा धरून. त्याले खोटं सांगायची मलेच लाज वाटली.

म्हटलं, "रुपरावजी, तुमच्या पायासाठी नाही. मले पार्किन्सन झाला. त्या दिवशी तुम्ही आडवे नव्हते आले. माझा हातच माझ्या ताब्यात नव्हता. मी आता गाडी चालवणार नाही."

पहिल्यांदाच माझ्या तोंडून ते नाव निघालं. घरात मी त्याले "ते" म्हणते.

तिकडं मागं दवाखान्याच्या घोषणा ऐकू येऊन राहिल्या होत्या, कौशल्याबाई काहीतरी विचारत होत्या. मले वाटलं, आता म्हणतील अरेरे, म्हणतील देवाची मर्जी, आणि मी फोन ठेवून देईन.

ते म्हणे, "ताई, तुमी जेवल्या काय?"

नव्हती जेवली. सकाळपासून सोळा डबे भरले, आणि स्वतःसाठी पोळी ठेवायचं सुचलंच नव्हतं. तेच सांगितलं त्यांना.

"मंग फोन चालूच राहू द्या," म्हणे. "आमी दोघं बी आत्ताच डबा उघडून राहिलो. तुमी ताट घ्या."

ताट घेतलं.